झोपलेले उंदीर आणि उम्मी सल्लूहाचा धूर

ओल्फा स्मरणशक्तीवर डॉक्टरेट करत होती आणि तिच्या स्वतःच्या लक्षात काही म्हणता काही राहत नव्हतं. गाडीची किल्ली फ्रीजमध्ये सापडायची. लेकीची, दुर्राची, चोखणी प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या कोटाच्या खिशातून निघायची. एकदा तर ती मार्गदर्शक बाईंच्या दारात उभी राहिली, हळूच दार ढकललं आणि कुजबुजत विचारलं, "झोपली का?"

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," गाझी म्हणाला होता. गाझी तिच्याच बरोबरीचा विद्यार्थी, शेजारच्या टेबलावरचा. त्याचं काम काचेच्या टाकीतल्या माशांवर चालायचं, त्यामुळे त्याला बोलायला भरपूर वेळ असे.

दुर्रा सव्वा वर्षाची होती आणि जन्मल्यापासून सलग रात्रभर झोपल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ओल्फाला तर नाहीच. आणि ओल्फाचा विषय काय, तर झोप. शिकल्यानंतर झोप मिळाली की शिकलेलं डोक्यात मुरतं, हे तिला उंदरांवर दाखवायचं होतं.

"म्हणजे ऑलिव्हसारखं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "मिठाच्या पाण्यात घालायचे आणि झाकण उघडायचं नाही. यात शिकायचं काय आहे एवढं?"

सासूबाई म्हणजे उम्मी सल्लूहा; 'उम्मी' म्हणजे आई. ओल्फाचा नवरा अनीस समुद्रातल्या गॅसच्या फलाटावर नोकरीला होता. पंधरा दिवस पाण्यात, पंधरा दिवस घरी, आणि घरी आला की बहुतेक झोपलेला. त्यामुळे स्फाक्स या बंदराच्या शहरातल्या त्या घरात खऱ्या अर्थाने दोन बायका आणि एक मूल राहत होतं, आणि सत्ता मुलाची होती.

ओल्फाच्या शिक्षणाचा रस्ता तसा सरळ नव्हता. वैद्यकीयला थोडक्यात हुकली, म्हणून जीवशास्त्र घेतलं. पुढे मेंदूच्या प्रयोगशाळेत जागा निघाली. तिथल्या प्रमुख आणि पुढे तिच्या मार्गदर्शक झालेल्या मदाम नझीहा नव्या मुलांच्या हातात पहिल्याच दिवशी उंदीर ठेवत. जो किंचाळेल तो बाद. ओल्फा किंचाळली नाही. खरी गोष्ट अशी की भीतीने तिचा आवाजच फुटला नव्हता. पण मदामनी "ही धीराची आहे" असं ठरवून टाकलं आणि त्या गैरसमजावर तिचं पुढचं सगळं उभं राहिलं.

प्रयोग साधा होता. एक गोल हौद. त्यात दुधाची पावडर कालवून पांढरं केलेलं पाणी, आणि पाण्याखाली बोटभर खोल लपवलेला छोटा चौथरा. उंदीर पोहत पोहत तो शोधतो. दुसऱ्या दिवशी सरळ तिकडे गेला तर आठवलं. गोल गोल फिरत बसला तर विसरला.

"बाजारात दुधासाठी रांगा लागल्यात," उम्मी सल्लूहा म्हणायच्या, "आणि माझी सून उंदरांना दुधाने न्हाऊ घालते. हे शेजारी कुणाला सांगू नकोस हो, उंदीर होऊन येतील."

धड्यानंतर अर्ध्या उंदरांना झोपू द्यायचं, अर्ध्यांना नवी खेळणी देऊन, पिंजऱ्यावर टिचक्या मारून जागं ठेवायचं. आधी ठरलं होतं की दोन्ही गटांच्या वेळा आलटून-पालटून घ्यायच्या. पण मग दुर्रा झाली. झोपणाऱ्या उंदरांवर नजर ठेवत बसण्याचं काम सकाळी घेतलं, की त्या शांत तासात घरी फोन करता येतो, हे ओल्फाच्या लक्षात आलं. तेव्हापासून झोपणारे सकाळी आणि जागणारे दुपारी, असंच कायम झालं.

"उम्मी, काय करतेय ती?"

"झोपलीय."

"कशी झोपलीय? पोटावर? श्वास घेतेय ना?"

"नाही गं, आज श्वासाला सुट्टी दिलीय तिने. उद्यापासून घेते म्हणाली."

"उम्मी!"

"तू तुझे उंदीर बघ, बाई. माझ्या उंदराला मी बघते."

निकाल मात्र डोळे दिपवणारे होते. झोपलेले उंदीर बाणासारखे चौथऱ्याकडे जात. जागलेले यात्रेत हरवल्यासारखे फिरत. मदाम नझीहा बैठकीत सतत बदाम फोडायच्या, आणि बदाम फोडण्याच्या वेगावरून त्यांचा मूड सगळे ओळखायचे. हे आकडे पाहून त्या दिवशी बदाम तसेच राहिले. लेख तयार झाला, परदेशातल्या मासिकाकडे तपासायला गेला. प्रबंधाच्या जाहीर परीक्षेची तारीखही ठरली. तिकडे उम्मी सल्लूहांनी नातलगांना सांगून टाकलं आणि गल्लीतल्या मिठाईवाल्याकडे बक्लावा नि बदामाच्या वड्यांची ताटं आधीच नोंदवून ठेवली, कारण परीक्षकांचे प्रश्न कसेही असोत, नंतरच्या मेजावर काय होतं तेच लोकांच्या लक्षात राहतं.

एकट्या ओल्फालाच त्या निकालांनी सुख लागू दिलं नाही. झोप नाही तर आठवण नाही, हे तिनेच सिद्ध केलं होतं. आणि घरात तिची लेक झोपत नव्हती. दुर्राने एखादा शब्द आज म्हटला आणि उद्या नाही म्हटला, की ओल्फा तोच शब्द तिच्याकडून पुन्हा पुन्हा म्हणवून बघायची. ती लेकीकडे बघायची आणि तिला हौदात गोल गोल फिरणारे उंदीर दिसायचे.

बाकी, रोज सकाळी घराबाहेर पडताना एक विधी होता. उम्मी सल्लूहा मातीच्या छोट्या शेगडीत निखारे फुलवायच्या, त्यावर धूप, लोबान नि तुरटीचा खडा टाकायच्या आणि ती धुराची शेगडी सुनेभोवती सात वेळा ओवाळायच्या. स्कार्फ तर आधीपासूनच धुरावर धरून ठेवलेला असे. "पाच तुझ्या बाजूने, मासा तुझ्यावर, बघणाऱ्याच्या डोळ्यात राख." पाच म्हणजे हाताची पाच बोटं; ती आणि मासा, दोन्ही दृष्टीवरचे उतारे. सून शिकलेली, दिसायला बरी, शिवाय नवरा गॅसवाला, दृष्ट लागायला एवढं पुष्कळ होतं. ओल्फा रोज म्हणायची, "उम्मी, याला शास्त्राचा काही आधार नाही." आणि रोज मान खाली घालून धूर घ्यायची. शेवटी बाळ यांच्याकडेच ठेवायचं होतं. प्रयोगशाळेची खोली सकाळी गार असायची, म्हणून स्कार्फ गळ्यात राहायचा. दुपारी ऊन तापलं की बाहेरच्या खोलीतल्या खुंटीवर जायचा.

मग दुर्राच्या दाढा आल्या.

त्या सकाळी पोरीने आईचा स्कार्फ धरला तो सोडेचना. ओढला की घर डोक्यावर घ्यायची. कोळसे ओले निघाले होते, उम्मी सल्लूहा फुंकून फुंकून लाल झाल्या होत्या, आणि ओल्फाला उशीर झाला होता. तिने स्कार्फ लेकीकडे सोडला, अनीसचं जाकीट चढवलं आणि मागच्या जिन्याने निसटली. पाठीमागून आवाज आला, "अगं, तशीच निघालीस? उघड्यावर?" जणू ती कपड्यांशिवाय चालली होती.

आदल्या दिवशी शिकून छान झोपलेले उंदीर तिने हौदात सोडले. पहिला गोल फिरला. दुसरा गोल फिरला. तिसरा मध्यावर थांबून तिच्याकडे बघत राहिला.

"यांना काय झालं?" गाझी डोकावला. "हे तर तुझे झोपाळू ना? तोंडावरून तर तुझ्या घरी राहून आल्यासारखे दिसतात."

"काल तर नीट केलं होतं सगळ्यांनी."

"तुला ओळखत नाहीयेत. आज काहीतरी वेगळी दिसतेस. स्कार्फ कुठाय?"

तो गमतीने म्हणाला होता. ओल्फाने रिकाम्या गळ्याला हात लावून पाहिला.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा दुर्रा पाळण्यात जागीच होती, पण शांत. स्कार्फात नाक खुपसून. ओल्फाने वाकून तिला उचललं, तर पोर जाकिटाच्या परक्या वासाला बिचकली, रडायला तोंड वाकडं केलं, मग स्कार्फाचं टोक आईच्या खांद्यावर दाबलं, त्यात तोंड लपवलं आणि गप्प झाली. धूप, लोबान, तुरटी. ओल्फा लेकीला कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. हाच वास रोज सकाळी उंदरांनाही येत होता.

दुसऱ्या सकाळी तिने धूर नीट घेतला, अगदी मन लावून. उम्मी सल्लूहा खूश झाल्या. तेच उंदीर, तोच हौद: सगळे सरळ चौथऱ्यावर. मग तिने स्कार्फ बाहेरच्या खोलीत ठेवला, आंघोळ करून नवा कोट घातला आणि पुन्हा सोडले: गोल गोल. झोपेचा हिशेब नव्हताच तो, निदान सगळा नव्हता. शिकताना जो वास होता तोच परीक्षेला असला की उंदरांना आठवत होतं. सकाळच्या उंदरांना दोन्ही दिवस तिच्या सासूचा धूर मिळत होता. दुपारच्यांना एकही दिवस नाही, म्हणजे आठवण अडकवायला काही खुंटीच नाही.

"हे कुणाला सांगितलंस?" गाझीने दार लोटत विचारलं.

"तुलाच."

"मग माझ्यापाशीच राहू दे. लेख गेलाय, तारीख मिळालीय, बक्लावा सांगून झालाय. कोण परीक्षक तुझ्या सासूच्या शेगडीपर्यंत पोचणार आहे? उगाच हात दाखवून अवलक्षण."

"मुदतवाढ दोनदा घेतलीय मी. तिसरी देतील का?"

"नाही देणार. म्हणूनच सांगतोय."

ओल्फाने खूप विचार केला, असं म्हणावं तर तिने विचार केला तो दुर्राचं जेवण भरवताना, म्हणजे अर्धवट. तिचा लेख छापून येईल. मग कुठल्यातरी गावात कुणीतरी आई, तिच्यासारखीच, पोर झोपत नाही म्हणून तो वाचेल. ती शेवटपर्यंत वाचेल, आकड्यांच्या तक्त्यासकट, आणि मग पाळण्यापाशी बसून लेकराकडे हरवलेल्या उंदरासारखं बघत राहील. ओल्फाला ती बाई इतकी स्पष्ट दिसली, की गाजराचा चमचा तिने चुकून स्वतःच्याच तोंडात घातला.

सोमवारी ती मदाम नझीहांपुढे उभी राहिली. बदाम फटाफट फुटत होते.

"बोल."

ओल्फाने सांगितलं. पहिल्या वाक्यालाच बदाम थांबले. ती वेळांविषयी बोलली, फोनविषयी बोलली, स्कार्फाविषयी बोलली. पलीकडचे गाझीचे मासेसुद्धा ऐकत असावेत.

"कोणता धूप वापरते तुझी सासू?"

"जुन्या शहरातून आणतात. मोठ्या मशिदीमागून."

"माझी आईही तिथूनच आणायची." मदामनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. "वेळा आलटून-पालटून घ्यायच्या, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही कळतं."

"हो, मदाम."

"लेख परत घ्यायचा. आजच. सगळं पुन्हा करायचं, आणि या वेळी वासासकट मोजायचं. मुदतवाढीच्या समितीपुढे मी येईन, पण वचन देत नाही. ते मला घाबरतात, पण नियमाला जास्त घाबरतात."

ओल्फा दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला. "आणि ऐक. पहिल्या दिवशी तू किंचाळली नव्हतीस, आठवतं?"

ओल्फाला खरं सांगायची हीच वेळ आहे असं वाटलं. पण एका दिवसाला एक खरं पुरे.

मदामना सांगणं सोपं होतं. घरी उम्मी सल्लूहा मटार सोलत होत्या.

"उम्मी, परीक्षा पुढे गेली. वर्षभर तरी."

"का? कुणी मेलं का?"

"नाही. तुमच्या धुरामुळे." आणि तिने सगळं सांगितलं, जमेल तितकं सोपं करून.

उम्मी सल्लूहांचा मटाराचा हात थांबला. ओल्फाला वाटलं आता रडतील, नाहीतर शेगडी फेकतील. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पसरत गेला.

"म्हणजे माझ्या धुराने काम केलं?"

"काम नाही, उम्मी, घोळ केला!"

"उंदीर हुशार झाले की नाही झाले? एवढं सांग."

"तसं नाही ते..."

"चार वर्षं मला ऐकवतेस, शास्त्राचा आधार नाही, शास्त्राचा आधार नाही. आता तुझ्या मदामनेच दिला ना आधार?" आणि त्यांनी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. "अगं मब्रूका, ऐकलंस का? माझ्या धुरावर विद्यापीठात संशोधन निघालंय!"

बक्लाव्याचं मात्र त्यांना मनापासून लागलं. नातलगांना काय सांगायचं? त्यांनी मग परस्परच सांगून टाकलं की परीक्षकांना आणखी एक प्रकरण हवंय, इतकं आवडलं त्यांना. आणि ओल्फा ठाम राहिली की आता सकाळचा धूर बंद, म्हणजे बंद, तेव्हा दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला: सून निघून गेली की उम्मी सल्लूहा तिच्या लग्नाच्या फोटोला धूर देतील. "दृष्ट काय, फोटोलाही लागते. उलट आधी तिथेच लागते."

समितीने मुदत दिली. मदाम नझीहा म्हणे बैठकभर बदाम फोडत होत्या.

ते वर्ष ओल्फाने बिनवासाच्या साबणात काढलं. या वेळी वेळा आलटून-पालटून, आणि पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या गाझीकडे, म्हणजे कोण झोपलेलं नि कोण जागलेलं हे तिला कळू नये. निकाल आले ते साधेसुधे. झोपेने फरक पडत होता, पण थोडा. झोप न मिळालेल्या उंदरांनाही बरंच आठवत होतं, त्यांना फक्त ओळखीचा वास लागत होता. ते आकडे बघून मदाम म्हणाल्या, "लहान आहे, पण खरं दिसतंय." ओल्फा त्या दिवशी घरी जाऊन पाळण्यापाशी बसली. दुर्रा जागी होती. ओल्फाने पहिल्यांदाच तिला झोपवायची घाई केली नाही.

परीक्षेच्या दिवशी सभागृहाच्या मागच्या भिंतीशी मेज मांडलं होतं. बक्लावा, बदामाच्या वड्या, पिस्त्याचे गोळे, थंड सरबतं. उम्मी सल्लूहा तिसऱ्या रांगेत, मांडीवर दुर्रा, शेजारी बहीण मब्रूका आणि चुलत्या-मावश्यांची फौज. अनीससुद्धा होता, आणि जागा होता. शेगडी आणायची नाही, हे ओल्फाने तीनदा बजावलं होतं. "मी काय अडाणी आहे?" असं उत्तर तीनदा मिळालं होतं.

ओल्फा उभी राहिली. चारही परीक्षक तिच्याकडे बघू लागले. तिने तोंड उघडलं आणि आत काहीही नव्हतं.

पहिलं वाक्य नव्हतं. दुसरं नव्हतं. महिनाभर रोज सकाळी स्वयंपाकघरात फेऱ्या मारत तिने हे भाषण पाठ केलं होतं, एकीकडे, प्रयोग संपल्यामुळे आता ती घरात असतानाच, उम्मी सल्लूहा तिच्या फोटोला धूर देत असायच्या. ते सगळं भाषण जणू घरीच राहिलं होतं, ओट्यावर, मटारांच्या शेजारी. मदाम नझीहा पुढे झुकल्या. गाझीने डोळे मिटून घेतले. ओल्फा हौदाच्या मध्यावर गोल फिरत होती.

तिसऱ्या रांगेत उम्मी सल्लूहांना अचानक फार उकडायला लागलं. वातानुकूलन इतकं जोरात होतं की गाझी जाकीट घालून बसला होता. पण त्यांनी पिशवीतून एक जुना स्कार्फ काढला, तोच, दुर्राच्या दातांनी एका कोपऱ्यात चघळलेला, आणि त्याने सावकाश वारा घ्यायला सुरुवात केली. वारा घेता घेता तो जरा पुढच्या दिशेनेच जात होता.

धूप, लोबान, तुरटी.

"स्मरण म्हणजे," ओल्फा म्हणाली, "केवळ काय शिकलो एवढंच नसतं." आणि पुढचं वाक्य आलं, त्यामागे त्याच्या पुढचं, बरणीतून ऑलिव्ह एकामागून एक निघावेत तसं.

प्रश्नोत्तरांत राजधानीहून आलेल्या परीक्षकाने चष्मा सरकवत विचारलं, "दुसऱ्या वेळी प्रयोग करणाऱ्याचा स्वतःचा वास आपण कसा टाळला?"

"बिनवासाचा साबण, रोज वेगळा कोट," ओल्फा म्हणाली, "आणि सासूबाईंशी करार."

सभागृह हसलं. परीक्षकाने तिसऱ्या रांगेकडे बघितलं. उम्मी सल्लूहांनी बसल्या जागी मान किंचित झुकवली, सहलेखकाने झुकवावी तशी.

निकाल वाचला गेला, मावश्यांच्या आरोळ्यांनी काचा थरथरल्या, आणि मग सगळे मेजाकडे धावले. गर्दीत ओल्फाने सासूबाईंना गाठलं. ओल्फाच्या एका कडेवर दुर्रा, दुसऱ्या हातात बक्लावा.

"मुद्दाम केलंत ना ते?"

"काय?"

"स्कार्फ."

"मला उकडत होतं."

"उम्मी, कसं आहे, एकाच उंदरावर एकदाच काही झालं म्हणून ते सिद्ध होत नाही. कदाचित तुम्हाला बघून आठवलं असेल. किंवा आपोआप."

"हो का?" उम्मी सल्लूहांनी दुर्राच्या तोंडाला लागलेला मध स्कार्फाच्या टोकाने पुसला. "मग पुन्हा कर की. आणखी एक डॉक्टरेट घे. पोर सांभाळायला मी आहेच. श्वासही घेतेय ती आज."